शेंदरी जिना

गुरुवार, २४ फेब्रुवारी १९७२

आज जेवताना आप्पांनी निकाल दिला. आप्पा म्हणजे माझे सासरे. ते कधी भांडत नाहीत, निकाल देतात.

"सहादेव आला की तुमचं दोघांचं खालच्या खोलीत टाकू. एका पायानं जिना कसा चढंल त्यो? गहिनीनाथ आन बनू पाडव्याला वर जातील."

भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, विषय संपला.

खालची खोली म्हणजे गोठ्याला लागून असलेली. दुष्काळात बैल विकले तेव्हापासून तिच्यात पेंडीची रिकामी पोती, औतं आणि घुशी राहतात. माडी मात्र ह्यांनी पलटणीतल्या पगारातून बांधलेली. एकच खोली आहे, पण दोन खिडक्या आहेत आणि दोन्हींतून वारा येतो. धाकटे दीर गहिनीनाथभावजी मान खाली घालून जेवत होते. जाऊ बनू माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे मी सोडून सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

मी म्हणाले, "जिन्याचं लाकूड उघडं हाय अजून. आधी जिना रंगवते. मग बघू कोन वर जातंय."

"जिना रंगवून काय हुनार?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांना आणखी भाकरी वाढली. काय होणार ते मलाही कुठे ठाऊक आहे? पण तोंडातून गेलं ते गेलं, आता माघार नाही. ह्यांनीच म्हटलं होतं, पुढच्या सुट्टीत जिन्याला रंग देऊ. पुढची सुट्टी यायच्या आधी लढाई आली. डिसेंबरात सुरुंगावर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात आहेत. आप्पांनी मला एकदा नेलं होतं भेटायला. हे सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून पडले होते. दमलेले असणार, एवढी लढाई झाली.

शनिवार, २६ फेब्रुवारी

एस.टी.ने भिंगारला जाऊन आले. माझा थोरला भाऊ कानिफदादा तिथे मिलिटरीच्या हद्दीत फाटकं, गज, पत्र्याच्या शेड रंगवतो. त्याला म्हटलं, मला सामान घेऊन दे आणि कसं करायचं ते सांग.

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बाया मानसं कुटं रंग देत्यात व्हय?"

मी म्हटलं, "घर कोन सारवतं? भिंतीला पांढरी माती कोन फासतं? दिवाळीला चुना कोन देतं? लाकूड आलं की लगीच पुरुषाचं काम झालं का?" वहिनी उठून चुलीपाशी गेली. पण चहा चांगला दिला, साखर घालून.

दादाने बाजारातून बेलतेल, काचपेपर, खडूची पूड, दोन ब्रश आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन दिला. रंगाखाली आधी एक हात द्यायचा त्या अस्तराचा डबा मात्र त्याने फाटकांना देतात त्यातला निवडला. म्हणाला, "लोखंडाचं हाय, पर लाकडाला काय कळतंय? धरून राहील." सगळं पिशवीत भरून झाल्यावर हळूच म्हणाला, "मागल्या रविवारी पुन्याला गेल्तो. दाजी सोताच म्हनले, मला खालीच टाका म्हनावं, कुनाला तरास नगं."

"तुमी काय म्हनलात?"

"मी काय म्हननार?"

"मग मलाबी काय म्हनू नका."

एस.टी.त डबे मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, बाई, तेल सांडंल, खाली ठेवा. मी नाही ठेवले.

सोमवार, २८ फेब्रुवारी

खरवडायला सुरुवात केली. दादाने सांगितलंय, जिन्याचं काम नेहमी वरून खाली करत यायचं. फुटलेल्या बाटलीची काच घ्यायची, चिंधीत धरायची आणि लाकडाच्या रेषेबरोबर ओढायची. निंबाचं लाकूड आहे, चिवट. पहिल्याच फळीवर तळहातात कूस भरली. सुईने काढली आणि पुन्हा बसले.

अडचण वेगळीच होती. आमचा जिना ओसरीतून वर जातो आणि त्याच्या खालीच आप्पांची बाज असते. आमच्याकडे वडीलधारा खाली बसलेला असताना सुनेने त्याच्या डोक्यावर चढू नये अशी रीत आहे. एरवी ते शेतात गेल्याशिवाय आम्ही दोघी माडीवर जात नाही. शेजारच्या भागूबाई दारातून बघून म्हणाल्याच, "आगं पुष्पे, सासरा खाली आन तू वर? कुटं फेडशील?" त्यांची पोरं-सुना कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलीत. दिवसभर गाव राखायचं काम त्यांच्याकडेच आहे.

मी वरूनच म्हटलं, "आप्पा, भुसा पडतोय अंगावर."

"पडू दे," म्हणाले. बाज हलवली नाही. मला अडवायलाच बसले असणार. पण मीही थांबले नाही. दुपारपर्यंत त्यांचं पागोटं पांढरं झालं होतं.

बनूने न सांगता तांब्याभर पाणी आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणून ठेवल्या. माडी लवकर मिळावी म्हणून घाई असेल तिला. चिंध्या मी वापरल्या, आभार मानले नाहीत.

बुधवार, १ मार्च, धुळवड

खडूची पूड बेलतेलात मळून लांबी केली आणि भेगा बुजवल्या. कणकेसारखीच मळायची असते, ते मला शिकवावं लागलं नाही. वास मात्र डोकं उठवतो.

आज पहाटे एक विचित्र गोष्ट पाहिली. पाणी तापवायला उठले तर आप्पा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते, एका पायावर. डावा पाय वर उचललेला आणि दोन्ही हात भिंतीला टेकलेले. मग टुणकन उडी मारून चौथीवर गेले आणि धापा टाकत राहिले. मला पाहिल्यावर खाली उतरून थेट रानात निघून गेले. सत्तरीला टेकलेला माणूस. दुष्काळाने माणसाचं डोकंही फिरतं म्हणतात. बनूला सांगितलं तर ती पदराने डोळे पुसायला लागली. तिलाही काही झालंय.

रविवार, ५ मार्च, रंगपंचमी

गाव एकमेकांना रंगवत होतं, मी जिना रंगवत होते. पाणीच नाही म्हणून यंदा लोकांनी कोरडाच गुलाल उधळला. माझा रंग तरी ओला होता.

अस्तराचा डबा उघडला. आत भडक शेंदरी. अगदी वेशीवरच्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर. दादा फाटकांना हाच देतो, त्याला सवय झालेली, त्याच्या डोक्यातही आलं नसेल. पण डबा परत घेऊन भिंगारला कोण जाणार? म्हटलं, अस्तर तर आहे, वर हिरवा येणारच आहे. वरच्या पायरीपासून फासत खाली आले. शेवटची पायरी झाल्यावर अंगणात उभी राहून पाहिलं. ओसरीच्या अंधारात जिना असा पेटल्यासारखा दिसत होता की मीच हात जोडायची राहिले होते.

सोमवार, ६ मार्च

मी राहिले, भागूबाई राहिल्या नाहीत. सकाळी विस्तव मागायला आल्या, जिना बघितला, पायातली वहाण काढली आणि पहिल्या पायरीवर हळदकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. मी सांगतेय, आत्या, लोखंडाचा रंग आहे, डब्यातला. त्या म्हणतात, "डब्यात असू दे न्हाईतर डोंगरात. शेंदूर त्यो शेंदूर."

झालं. दुपारपर्यंत आळीत बोभाटा. बनू वर वाळवणाची परात आणायला निघाली आणि पहिल्या पायरीपाशी थबकली. "मी न्हाई बाई पाय देनार. मारुतीच्या अंगावर पाय दिल्यावानी वाटतंय." परात अजून वरच आहे.

भावजी संध्याकाळी आले. एक पाय उचलला, पायरीच्या वर धरला आणि तसाच परत खाली ठेवला. मला हसू आवरेना. "वहिनी, ह्ये मुद्दाम केलंत तुमी!"

देवाशपथ मुद्दाम केलं नव्हतं. पण तसं सांगितलं नाही. म्हटलं, "देवाचं मन कुनाला कळलंय, भावजी?"

शुक्रवार, १० मार्च

चार दिवस कुणी वर गेलेलं नाही. भावजींची ट्रंक, गादी, बनूच्या लग्नातला आरसा सगळं ओसरीत बांधून ठेवलंय आणि जिना मधे उभा आहे, कुणाला जाऊ देत नाही. आज भावजी तडकलेच.

"हिरवा डबा पडलाय की तिथं. द्या ना एक हात!"

"अस्तर मुरलं पायजे आधी."

"किती दिस?"

"मुरंल तवा मुरंल."

"वहिनी, मी काय दरोडा घालतोय का? दादाच्याच सोयीसाठी चाललंय समदं. त्येला रोज उचलून वर कोन नेनार? मीच ना? आन गावानं बघायचं व्हय, सहादेव पाटील पाटकुळी बसून माडीवर चालला म्हनून?"

मी म्हटलं, "त्यांना उचलायचं कुनी म्हनलं तुमाला?"

इथे लिहिते, कुणी वाचणार नाही. अस्तर कधीच वाळलंय. एका दुपारचं काम आहे. हिरवा दिला की वाट मोकळी, आणि वाट मोकळी झाली की पाडव्याला आम्ही गोठ्याशेजारी. एकदा खाली गेलेला माणूस पुन्हा वर येत नाही. आज म्हणतील जिना चढवत नाही, उद्या म्हणतील शेत झेपत नाही, परवा म्हणतील सहादेवला काय विचारायचं. मला ते बघायचं नाही. माझा नवरा सहादेव, हो, लिहिलं नाव, काय होतंय, ओसरीतल्या कोपऱ्यातलं गाठोडं होणार नाही.

पण भावजी म्हणाले ते डोक्यातून जात नाही. खरंच नाही चढता आलं तर? मी जिना रंगवू शकते. त्यांचा पाय मी कुठून आणू?

सोमवार, १३ मार्च

आप्पांनी कमाल केली. बैल गेल्यापासून गाडी गोठ्यामागे उभी होती. तिची एक दांडी त्यांनी कापून आणली, रंध्याने गोल केली आणि जिन्याच्या उजव्या अंगाला भिंतीत खुंट्या ठोकून पक्की बसवली. दिवसभर ठोकाठोक चालली होती. गाडी मोडली म्हणजे पुन्हा बैल घ्यायचा विचार सोडला की काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

कठडा बसवून झाल्यावर त्याला लोंबकळून बघितलं. मला म्हणाले, "ह्येला रंग देऊ नगस. हात सटकंल."

धाकट्याचं किती कौतुक! धडधाकट माणसाला चढायला कठडा लागतो होय? थोरल्यासाठी कधी एवढं केलं नाही. मला वाईट वाटलं आणि रागही आला. जेवले नाही.

बुधवार, १५ मार्च, अमावस्या

सकाळी भिंगारहून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर दादाचा निरोप आला. उद्या पाडव्याला हे येताहेत. दवाखान्यातून सुटले.

आता काय करू? जिना शेंदरी ठेवला तर भावजी चढत नाहीत, पण हेही चढणार नाहीत. मारुतीचे भक्त, शनिवारी अन्नाला शिवत नाहीत. माझा पहारेकरी माझ्याच माणसाला अडवणार. आणि हिरवा दिला तर सगळ्यांनाच वाट मोकळी.

हिरवाच देते. बनू म्हणते, अमावस्येला नवं काम काढू नका, बाई. काढते. आता घाबरायला वेळ नाही.

गुरुवार, १६ मार्च, पाडवा

कालचं आधी लिहिते, नाहीतर आजचं कळणार नाही.

दुपारी हिरवा द्यायला बसले. वरून सुरू करून दिवस कलताना खालच्या पायरीशी आले. कठडा आप्पांनी सांगितल्याप्रमाणे तसाच ठेवला. ब्रश घासलेटात बुडवला आणि दारात मिलिटरीची जीप थांबली. उद्या येणारा माणूस आजच आला. ऐन अमावस्येला. कानिफदादा पुढून उतरला आणि मग हे. आधी कुबड्या, मग उजवा पाय, मग दुमडून पिनेने टाचलेली पॅन्ट. किती वाळलेत. भागूबाई धावत आल्या आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. आळी जमली. ह्यांच्या पायाकडे बघायचं टाळून सगळे जीपकडेच बघत होते.

आप्पा म्हणाले, "ये बाळा. खाली अंथरून टाकलंय."

हे ओसरीत आले. खाली मान घालून खालच्या खोलीकडे वळलेही. मी एवढे दिवस सगळ्यांशी भांडले, आता ह्यांच्या वाटेत येऊन उभी राहिले. हातात तेवढा हिरवा ब्रश होता. त्यांनी ब्रशाकडे पाहिलं. मग जिन्याकडे.

"कुनी रंगवला?"

"मी."

"ओला हाय?"

"हाय."

मग कुबड्या भिंतीला टेकवल्या, जिन्याकडे पाठ केली आणि पहिल्या पायरीवर बसले. बसले ते ओल्या रंगात, मिलिटरीच्या कडक इस्त्रीच्या पॅन्टीनिशी. एक हात कठड्याला, दुसरा तळवा मागच्या पायरीवर, उजव्या पायाचा रेटा, आणि वर सरकले. पुन्हा हात, पुन्हा रेटा. लोकांकडे तोंड करून चढत होते, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत. भावजी पुढे धावले, "दादा, थांब, मी उचलतो."

"हात लावलास तर बघ!"

एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. भावजी जागच्या जागी थांबले. आप्पा बाजेच्या खुराला धरून उभे होते आणि प्रत्येक पायरीला त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील. मध्यावर ह्यांचा हात रंगात घसरला, आळीतल्या बायका ओरडल्या. हे थांबले, शर्टाला हात पुसला आणि पुन्हा टेकवला. वरच्या पायरीवर पोचले तेव्हा पाठ, हात, पॅन्ट सगळं हिरवं झालं होतं. घाम गळत होता. वरूनच हाक मारली.

"पुष्पा! वर ये."

आप्पांसमोर, दिरासमोर, अख्ख्या आळीसमोर नाव घेऊन. मी आप्पांकडे पाहिलं नाही आणि खाली कोण बसलंय त्याचाही विचार केला नाही. अनवाणी पायांनी ओल्या रंगातून चढत गेले.

वर गेल्यावर म्हणाले, "मला खालीच टाका म्हनून कानिफदादाजवळ सांगून ठेवलं हुतं. त्यानं सांगितलं न्हाई तुला?"

"सांगितलं."

"मग?"

"मी ऐकलं न्हाई."

ते आपल्या तळव्यांकडे बघून हसायला लागले. हसता हसता रडले. मीही रडले. घरात एवढी माणसं असून मी तीन महिने एकटीच होते, ते सगळं काल बाहेर आलं. मग खालून घासलेट आणि चिंधी आणून त्यांचे हात पुसत बसले.

आता आजचं.

सकाळी जिना पाहिला. मधोमध हिरवा खरवडला जाऊन खालचा शेंदरी उघडा पडलाय, खालपासून वरपर्यंत. कडांना मात्र अजून छान हिरवा आहे, माझ्या पावलांच्या जागा सोडून. दादा म्हणाला, डब्यात आहे थोडा, पुन्हा एक हात मारून देतो. मी नको म्हटलं.

गुढी उभारून झाली आणि भावजींनी ओसरीतली ट्रंक उचलली. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होतंय. पण ट्रंक ह्यांची होती, पलटणीतली काळी, नाव लिहिलेली. जीपमधून उतरवल्यापासून तिथेच राहिली होती. भावजींनी ती डोक्यावर घेतली, कडेकडेने पाय देत वर ठेवून आले आणि मुकाट्याने आपली गादी सोडून खालच्या खोलीत पसरायला लागले. बनूने आरसा तिथेच खुंटीला टांगला. "बाई, हितं उजेड चांगला पडतोय," म्हणाली. मी आज पहिल्यांदा तिच्या हातचा चहा मागून घेतला.

दहाच्या सुमाराला गाव भेटायला लोटलं. आप्पांनी ओसरीत घोंगडी टाकली, पान-सुपारी ठेवली. माणसं घोंगडीवर बसली आणि कुणीतरी म्हणालं, "सहादेवला आना की खाली. आमी धरतो दोघं जन."

मी निरोप घेऊन वर गेले आणि उत्तर घेऊन खाली आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्ये म्हनत्यात, भेटायचं त्यानं वर यावं."

मग एकाने वहाण काढली. मग दुसऱ्याने. चांगले मिशीवाले, पागोटेवाले जमीनदार मधला शेंदरी पट्टा चुकवत, धोतर सावरत, एका मागे एक कडेने वर चढत गेले. भागूबाईही गेल्या, रीत बीत विसरून. खाली घोंगडी रिकामी पडली आणि माडीत बसायला जागा उरली नाही.

सगळ्यांत शेवटी आप्पा उठले. उपरणं खांद्यावर टाकलं, कठडा धरला आणि सावकाश चढले. मी मागून चहा घेऊन चालले होते. वर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "लई चढ हाय रं ह्यो."

हे भिंतीला टेकून बसले होते. सरकून त्यांनी आप्पांना आपल्या शेजारी जागा करून दिली.

"सवय हुईल, आप्पा."